रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत, फुफ्फुसात डाग आहेत. सीटीवरून आजाराचं नाव ठरवावं का?

विदर्भातला छातीवाला:
परवाच्या एका सीटी रिपोर्टाखाली लिहिलं होतं: 'क्रॉनिक इओसिनोफिलिक न्यूमोनिया / चर्ग-स्ट्रॉस / लॉफ्लर.' इओसिनोफिलशी जोडलेल्या तीन वेगवेगळ्या आजारांची नावं टाकून मोकळे! माझं मत असं की या आजारांत सीटी जागा दाखवतो, नाव सांगत नाही. 2000 साली 111 रुग्णांचे सीटी तज्ज्ञांना वाचायला दिले, तेव्हा पहिलं निदान सरासरी 61 टक्के वेळाच बरोबर निघालं. एवढ्या भरवशावर स्टेरॉइड सुरू करायचं?

काळी फिल्म:
मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे टोपी मलाच बसली. 61 ही सरासरी झाली, सगळे आजार सारखे फसवत नाहीत. दमेकऱ्याच्या मधल्या श्वासनळ्या फुगलेल्या आणि आत अडकलेला कफ पाठीच्या स्नायूपेक्षाही पांढरा दिसला, की एबीपीए (अस्परजिलस बुरशीची फुफ्फुसातली अ‍ॅलर्जी) सोडून दुसरं काय सुचणार? अक्यूट इओसिनोफिलिक न्यूमोनियात तर सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल नॉर्मल असू शकतात, तिथे तुमचा सीबीसीच फसवतो. आणि तुमच्या चिठ्ठीवर काय असतं? 'खोकला. सीटी चेस्ट.' बस.

विदर्भातला छातीवाला:
कफाचं मान्य. चिठ्ठीचंही, नाइलाजाने. पण क्रॉनिकवाला आणि चर्ग-स्ट्रॉस, दोघांचेही डाग फुफ्फुसाच्या कडेला. चर्ग-स्ट्रॉसमध्ये मज्जातंतूही बिघडू शकतात, म्हणून तिथे पायाला मुंग्या येतात का, पाऊल लुळं पडलंय का, हे विचारावंच लागतं. अँका ही चर्ग-स्ट्रॉससाठीची रक्ततपासणी निम्म्याहून जास्त जणांत निगेटिव्ह येते, म्हणून तीही पुरत नाही. त्यात कुणी आधीच दोन-चार दिवस स्टेरॉइड दिलं असेल तर डाग विरायला लागलेले. शिवाय आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीरोगाच्या जंतूंमुळेही हे होतं: रात्रीचा खोकला, इओसिनोफिल 3000 च्या वर. फायलेरियाच्या (हत्तीरोगाच्या) अँटीबॉडी बघा, तीन आठवडे डीईसी हे हत्तीरोगाचं औषध द्या. त्या शेतमजुराने सीटीला पैसे का घालवावेत?

दमेकरी:
मी डॉक्टर नाही. एक्स-रेवर डाग दिसला म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. शेवटी सीटी झाला, त्यात तो पांढरा कफ दिसला, मग आयजीई (अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी) आणि अस्परजिलसची तपासणी. तुमच्या 61 टक्क्यांचं मला काय सांगता?

काळी फिल्म:
शेतमजुराचं पटलं, आधी डीईसीच. तीन आठवड्यांनी खोकला राहिला तर पाठवा. फक्त चिठ्ठीवर इओसिनोफिलचा आकडा लिहा.