नॅलोक्सोनचा स्प्रे: ४ मिलिग्रॅम की ८?

शमिका_प्र:
ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइनसारख्या पदार्थांच्या) ओव्हरडोसच्या प्रथमोपचारावर स्वयंसेवकांसाठी टिपण करतेय. त्यावरचा उतारा म्हणजे नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे. फेंटॅनिल हे कृत्रिम ओपिऑइड फार जहाल, म्हणून ८ मिलिग्रॅमचाच स्प्रे ठेवा, असं बरेच जण सुचवतात. ४ खरंच कमी पडतो का? आणि नशेच्या मालात झायलाझिन (जनावरांना गुंगी आणायचं औषध) मिसळलेलं असेल तर नॅलोक्सोन द्यायचं का?

वाटसरू७१:
नाही पडत. न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी मार्च २०२२ ते ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही मात्रा वापरल्या. एकूण ३५४ जण. दोन्ही गटांत सुमारे ९९ टक्के वाचले, माणशी स्प्रेही जवळपास तितकेच लागले. फरक पडला तो विथड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा एकदम तुटल्यावर होणाऱ्या त्रासात. ८ मिलिग्रॅम दिलेल्यांत उलट्यांसकट ती लक्षणं दिसण्याचा धोका अडीचपट होता. ज्याचे असे हाल झाले, तो पुढच्या वेळी मदत नको म्हणेल आणि एकटाच नशा करेल, याची मला जास्त धास्ती वाटते. ४ चाच ठेवा.

मंजिरी_क:
टिपणात मात्रेपेक्षा श्वासाला जास्त जागा द्या. माणूस मरतो तो ऑक्सिजनअभावी. घोरल्यासारखी घरघर, ओठ निळे (सावळ्या त्वचेवर राखाडी), हाक मारून, छातीचं हाड चोळूनही हालचाल नाही: रुग्णवाहिका बोलवा, एका नाकपुडीत एक स्प्रे मारा. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून दर ५ सेकंदांनी एक फुंकर. छाती उचलली गेली पाहिजे. २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तरच दुसरा स्प्रे, दुसऱ्या नाकपुडीत.

हमखास होणारी चूक म्हणजे चालतो का बघायला स्प्रे आधी दाबणं. आत एकच मात्रा असते, ती हवेत जाते.

वाटसरू७१:
झायलाझिनचं राहिलं. ते ओपिऑइड नाही, त्यामुळे नॅलोक्सोन त्याची गुंगी उतरवत नाही. पण सोबत बहुधा फेंटॅनिल असतंच, म्हणून द्यायचंच. गडबड पुढे होते: श्वास नीट सुरू झालेला असतो, माणूस मात्र उठत नाही, आणि घाबरून स्प्रेवर स्प्रे मारले जातात. श्वास नियमित असेल तर थांबा, कुशीवर वळवा, श्वास मोजत राहा.

शमिका_प्र:
आणि शुद्धीवर येऊन 'मी बरा आहे, जातो' म्हणाला तर?

मंजिरी_क:
शक्यतो जाऊ देऊ नका. नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, ओपिऑइड त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकतं आणि श्वास पुन्हा मंदावतो. विथड्रॉवलच्या त्रासात लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं, तेही धोक्याचं. न रागावता हे कारण सांगा, दुसरा स्प्रे हाताशी ठेवा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारी बसा.