मदत हवी आहे: जानेवारीत मनालीला स्विफ्ट न्यावी का?

मंडळी, आम्ही दादरकर. पाऊस, खड्डे, घाटातलं धुकं सगळं झालंय, बर्फात मात्र एकदाही गाडी चालवलेली नाही. मनालीहून अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जायचंय. मेहुणा म्हणतो, त्याची मस्टँग काढू! मागच्या चाकांना ताकद, त्यात रुंद उन्हाळी टायर. ७ अंशांखाली त्यांचं रबर कडक होतं म्हणे. त्यापेक्षा माझी स्विफ्ट बरी ना? इंजिनाचं वजन निदान ताकद मिळणाऱ्या पुढच्या चाकांवर तरी असतं.

साखळ्या पुढच्याच चाकांना लावायच्या, एवढं कळलंय. त्या मुंबईतून घ्याव्यात की मनालीत भाड्याने मिळतात? आणि रेडिएटरमध्ये आमच्या गॅरेजवाल्याने कूलंटऐवजी नुसतं पाणी भरलंय, ते गोठेल ना? की मनालीजवळच्या सोलंगपासून सरळ स्थानिक फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद असलेली) गाडी करावी? अनुभवी लोकांनी सांगा. मेहुण्याला दाखवायचंय.