वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायची आहे: कोणती टिकेल, आणि काय तपासून घ्यावी?

वळणवाट

नमस्कार. पंधरा वर्षं एकच साधी हॅचबॅक चालवते आहे. ती कधी रस्त्यात बंद पडली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही. पण दोन महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीने तिची पोर्शे केमन चालवायला दिली आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही.

वेग फार नव्हता. डोंगरातला वळणांचा रस्ता, दुसरा-तिसरा गिअर. वळणातून बाहेर पडताना रस्ता कुठे गुळगुळीत आहे, कुठे खरखरीत, हे स्टिअरिंगमधून तळहाताला कळत होतं. पाठीमागे इंजिनाचा आवाज चढत जायचा आणि मी मनात आणेपर्यंत गाडी वळलेली असायची. घरी येऊन माझ्या गाडीत बसले तेव्हा जाणवलं की इतकी वर्षं मी हिच्यात नुसती बसत होते.

आता मुद्द्याचं. गाडी वापरलेलीच घेणार. दोन सीट चालतील, मॅन्युअल गिअर हवेतच. आठवड्यातून तीन-चार दिवस चालेल आणि वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचे दिवस) करायची इच्छा आहे. घरात दुसरी गाडी आहे, म्हणजे ही दोन आठवडे गॅरेजमध्ये राहिली तरी अडणार नाही. डोक्यात चार नावं आहेत (कंसात त्या गाडीच्या पिढीचा संकेत): केमन (९८७), बीएमडब्ल्यू एम३ (ई९२), होंडा एस२००० आणि लोटस एलिस.

ज्याला विचारावं तो म्हणतो, दुरून डोंगर साजरे, अशा गाड्या रस्त्यावर कमी आणि गॅरेजमध्ये जास्त असतात. एखादा मोठा खर्च मी पेलू शकेन, दर सहा महिन्यांनी नाही. ज्यांनी या गाड्या खरंच बाळगल्या आहेत त्यांनी सांगावं.

लाल रेषा

एस२०००. अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि विकायचा विचार एकदाही मनात आलेला नाही.

दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी अश्वशक्ती २४० च्या आसपास, आणि आरपीएमचा काटा ९००० पर्यंत जातो. साडेपाच हजारापर्यंत ही गाडी अगदी सभ्य असते. सहा हजाराच्या अलीकडे-पलीकडे व्हीटेकचा (व्हाल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा) दुसरा कॅम हाती घेतो आणि आवाजच बदलतो. मी अजूनही कधीकधी फक्त त्या क्षणासाठी बाहेर पडतो. गिअरचा दांडा इतका आखूड आहे की मनगट हललं की गिअर पडला.

माझ्या गाडीला आजवर क्लच, छताचं कापड, चाकांचे बेअरिंग आणि नेहमीची तेलं, एवढंच लागलं. खूप रेव्ह केली, म्हणजे उंच आरपीएमला फिरवली, की ही इंजिनं थोडं तेल खातात. दर दुसऱ्या टाकीला तेलाची पट्टी बघायची सवय लावून घ्या.

तेलाचे हात

वळणवाट, वीस वर्षं अशाच गाड्यांची इंजिनं उघडतो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"टिकाऊ" हा शब्द आपण साध्या गाडीवरून शिकलेलो असतो. साधी गाडी बनवतानाच हे धरलेलं असतं की मालक तिच्याकडे लक्ष देणार नाही. तेल उशिरा बदललं, थंड इंजिन रेटलं, तरी ती सांभाळून घेते, कारण प्रत्येक भागात भरपूर पदर ठेवलेला असतो. वेगवान गाडीत तोच पदर कामाला लावलेला असतो. पिस्टन जास्त वेगाने वरखाली होतो, तेलाची फिल्म पातळ असते, ब्रेक जास्त तापतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकने गिळायची ऊर्जा चौपट होते. २०० वरून थांबणं म्हणजे १०० वरून चार वेळा थांबण्याएवढं काम. त्यामुळे नीट सांभाळलेली गाडी दोन लाख किलोमीटर सहज जाते आणि हेळसांड झालेली तीच गाडी चाळीस हजारांत इंजिन मागते. दोन्ही मी पाहिल्या आहेत, एकाच मॉडेलच्या.

आता तुमच्या चार गाड्या.

केमनमध्ये वर्ष महत्त्वाचं. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नवं आलं आणि जुन्या इंजिनात ज्याची सगळे धास्ती घेतात तो इंटरमीडिएट शाफ्ट (कॅमशाफ्टना फिरवणारा मधला दांडा) त्यात नाहीच, मग त्याचा बेअरिंगही नाही. त्याआधीच्या ९८७ मधला बेअरिंग पूर्वीपेक्षा मोठा आणि बराच भरवशाचा आहे, पण बदलायचा झाला तर इंजिन दुभंगावं लागतं. त्या जुन्या ३.४ लिटर इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा प्रकार आढळतो. थंड असताना टिकटिक, एका बाजूचा एक्झॉस्ट जास्त काळा, तेल पिणं, ही लक्षणं. पण लक्षणांवर विसंबू नका, बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा) घालून डोळ्यांनी बघायला लावा. माझं मत विचाराल तर २००९ नंतरची २.९ लिटर. ताकद ३.४ लिटरच्या केमन एसपेक्षा कमी आहे, पण त्या इंजिनात थेट इंजेक्शन नाही. पेट्रोल पोर्टमधून येतं, त्यामुळे इनटेक व्हाल्व्ह धुतले जातात आणि कार्बन साचत नाही.

ई९२ एम३ मध्ये चार लिटरचं व्ही८, ४२० अश्वशक्ती, ८४०० पर्यंत फिरणारं. त्या आवाजाला तोड नाही. पण कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग शेल झिजतात, तेही कुठलीच सूचना न देता. ते खालून बदलता येतात, इंजिन उतरवावं लागत नाही, म्हणून जाणकार मालक वेळेआधीच बदलून घेतात. बदलल्याची पावती असेल तर गाडी बघा, नसेल तर तो खर्च किमतीत धरा. थ्रॉटल ॲक्चुएटरही कधीतरी जातात.

एलिस सगळ्यांत हलकी, ९०० किलोच्या आसपास, आणि हलकेपणाचा फायदा सगळीकडे मिळतो: ब्रेक कमी झिजतात, टायर जास्त चालतात. २००४ पासून टोयोटाचं १.८ लिटर इंजिन मिळायला लागलं, ते मजबूत आहे. चेसिस ॲल्युमिनियमचं, गोंदाने जोडलेलं. ठोकलेली गाडी असेल तर अजिबात घेऊ नका. रोज चढउतार करायची तयारी आहे का तेही पाहा, उंबरठा फार रुंद आहे.

एस२००० बद्दल वर लिहिलंच आहे. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर न खरखरता पडू देणारा भाग) आणि टायमिंग चेनचा टेन्शनर तेवढे ऐकून घ्या.

शांत चालक

मला उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण माझा अनुभव सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही.

मी घेतलेल्या गाडीचं सर्व्हिस बुक शिक्क्यांनी भरलेलं होतं. एकही शिक्का चुकलेला नाही. बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने गाडी सुरू करूनच ठेवली होती, एसी लावून. मला ते आदरातिथ्य वाटलं. सात महिन्यांनी एका सकाळी इंजिनातून ठकठक यायला लागली आणि तिथेच संपलं. उघडल्यावर बेअरिंगमधलं तांबं दिसत होतं. दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीला गेली. मी ती केली, कारण गाडी मला अजूनही आवडते.

इंजिन पूर्ण थंड असताना पहिल्यांदा सुरू होताना ऐका. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. गरम असेल तर परत फिरा, पुन्हा या.

दुसरी लेन

इलेक्ट्रिकचा विचार केला आहे का? इंजिनाच्या या भानगडीच नाहीत, आणि तेवढ्या प्रवेगासाठी पूर्वी सुपरकार लागायची.

वळणवाट

दुसरी लेन, चालवून पाहिली आहे. प्रवेग थक्क करणारा आहे, ते अगदी मान्य. पण मला ज्याची ओढ लागली ते तळहातात आणि डाव्या पायात आहे. गिअर नसलेली गाडी आत्ता नको.

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तेलाचे हात, तुमचा प्रतिसाद छापून ठेवला आहे. यादी आता दोनवर आली: केमन आणि एस२०००. एस२००० चांगल्या स्थितीतली मिळत नाहीये. केमन दोन सापडल्या, दोन्ही २००९ नंतरच्या, दोन्ही २.९. पहिली २८,००० किलोमीटर चाललेली, तीन वर्षं जवळजवळ उभी, रंग आरशासारखा. दुसरी १,१०,००० किलोमीटर, पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके, सीटची कड झिजलेली, पण मालकाकडे प्रत्येक कामाची पावती आहे, वायपर बदलल्याचीसुद्धा. किंमत अर्थातच पहिलीची बरीच जास्त. मन पहिलीकडे ओढ घेतंय.

तेलाचे हात

मन आवरा. दुसरी आधी बघा.

उभी गाडी आराम करत नसते. रबरी सील तेलाविना सुकतात आणि गाडी परत चालायला लागली की गळायला लागतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. ब्रेक डिस्कला गंज चढतो, कॅलिपर अडकतात. बॅटरी तर जातेच. त्याहून वाईट म्हणजे मालक महिन्यातून एकदा "इंजिन फिरवायला" पाच मिनिटं सुरू करतो आणि बंद करतो. त्यात तेल तापतच नाही, ज्वलनातलं पाणी तेलातच राहतं. २८,००० चा आकडा विकताना छान दिसतो, पण त्यातल्या निम्म्या सुरुवाती अशा असतील तर मला ती गाडी नको.

१,१०,००० वाली रोज तापली, लांब चालली, आणि जे मोडायचं ते मोडून बदललं गेलं आहे. टवके रस्त्यावर चालल्याचे आहेत, त्याने काही बिघडत नाही.

बघायला जाताना एवढं करा. टायरच्या बाजूवर चार अंकी कोड असतो, पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी जुना टायर कडक झालेला असतो. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का पाहा. हात आखडून जिथे टायर घेतले, तिथे तेलही तसंच घेतलं असेल, हा माझा अनुभव आहे. मग या गाडीत एक सोय आहे ती वापरा: इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये मर्यादेपलीकडे रेव्ह झाल्याची नोंद सहा टप्प्यांत राहते, शेवटच्या वेळी इंजिन किती तास चाललेलं होतं त्यासकट. पहिल्या दोन-तीन टप्प्यांतले आकडे नेहमीचे. वरच्या टप्प्यांत आकडे असतील तर कोणीतरी चुकीच्या गिअरमध्ये टाकून इंजिन पिदडलं आहे. रेव्ह लिमिटर त्यापासून वाचवू शकत नाही, कारण तिथे चाकंच इंजिनाला फिरवत असतात.

बोअरस्कोप, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (तो दाब किती गळतो), या तिन्ही तपासण्या त्रयस्थाकडून करा. विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये नको.

शिखरबिंदू

ट्रॅक डेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. नव्याने ट्रॅकवर येणाऱ्यांना पहिला दगा इंजिन देत नाही, ब्रेक ऑइल देतं. डीओटी ४ प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ओलं झाल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि चौथ्या-पाचव्या फेरीला पेडल जमिनीला टेकतं. मला एकदा टेकलं आहे, सुदैवाने पुढे मोकळी जागा होती. पहिल्या ट्रॅक डेच्या आधी ऑइल ताजं भरा, आणि नंतर निदान दर वर्षी.

शेवटची फेरी नेहमी हळू मारा, ब्रेक न लावता, म्हणजे सगळं निवेल. गाडी थांबवल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.

लाल रेषा

वळणवाट, एस२००० हुकली याचं मला वाईट वाटतंय, पण वर्णनावरून ती १,१०,००० वाली माझ्यासारख्याच कोणाची तरी आहे. वायपरची पावती ठेवणारा माणूस इंजिनाला थंडीत रेटत नाही.

वळणवाट

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

२८,००० वाली आधी बघितली, मन राहवेना. मी सांगूनही गाडी सुरू केलेली होती. बॉनेटला हात लावला, गरम. पुन्हा येते म्हणाले तर विकणारा म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक उद्याच येणार आहे. शांत चालक, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर त्या घाईत मी आगाऊ रक्कम देऊन आले असते. नमस्कार करून निघाले.

दुसरीचा मालक गॅरेजचं दार उघडून बाजूला उभा राहिला आणि किल्ली माझ्या हातात दिली. थंड इंजिन. सुरू करताना क्षणभर खडखड, मग शांत. तपासणीत बोअर सहाही स्वच्छ. कॉम्प्रेशनचे आकडे एकमेकांना लागून. ओव्हर-रेव्हच्या वरच्या टप्प्यांत शून्य. पाण्याच्या पंपातून किंचित झिरपतंय, ते त्याने स्वतःच आधी सांगितलं होतं. टायरवर नऊ वर्षांपूर्वीचा कोड निघाला, ते त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण नक्षी खोल होती. पंप आणि टायरचे पैसे किमतीतून वजा झाले.

घेतली. त्याने जाताना विचारलं, कधीमधी फोटो पाठवाल का. पाठवणार आहे.

नवे टायर गुरुवारी बसतील. तोवर चालवायची नाही असं ठरवलं आहे, म्हणून रोज संध्याकाळी खाली जाऊन नुसती तिच्यात बसून येते.

तेलाचे हात

अभिनंदन! छान गाडी घेतलीत.

नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा गुळगुळीत थर असतो, पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर वळणांत जपून. आणि पाण्याचा काटा मध्यावर आला तरी तेल अजून मागे असतं, त्यानंतर आणखी दहा मिनिटं चार हजारांच्या खालीच ठेवा. पंपाबरोबर थर्मोस्टॅटही बदलून घ्या, तसंही पाणी काढावंच लागणार आहे.