ड्राइव्ह लाइक जेहूचा ‘यँक क्राइम’: ऐकायचा कसा, वाजवायचा कसा, घ्यायचा कुठला?

अर्धा_सूर (धागाकर्ता)

पोस्ट-हार्डकोर (पंकमधून निघालेलं, जास्त गुंतागुंतीचं रॉक) म्हटलं की आपली गाडी फुगाझी या बँडवरून सुटते ती थेट अ‍ॅट द ड्राइव्ह-इनला थांबते. मधल्या स्टेशनांवर कोणी उतरतच नाही. त्यातलंच एक स्टेशन म्हणजे अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा बँड ड्राइव्ह लाइक जेहू आणि त्यांचा १९९४ चा दुसरा, शेवटचा अल्बम ‘यँक क्राइम’. याच्याबद्दल मराठीत कुठे काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून धागा काढतोय.

‘हिअर कम द रोम प्लाउज’ आणि ‘गोल्डन ब्राउन’ पहिल्या फटक्यात डोक्यात बसतात. पण ‘लुआउ’ नऊ मिनिटांच्या वर चालतं आणि तिथे दम सुटतो. त्यात नेमकं काय ऐकायचं असतं?

दुसरं, दोन गिटार घेऊन असलं काही वाजवायला गेलं की नुसता चिखल होतो. सुरांची ती खरखर, ते घासणं येत नाही. सामान असं: गिटार प्रोसेसरवर हाय-गेन अँप मॉडेल, गेन (आवाज किती फाडायचा ते) ८, नॉइज गेट (बारीक आवाज कापणारी सोय) चालू, १५ वॉटचा अँप, ९ च्या म्हणजे बारीक तारा. दुसऱ्या गिटारचंही साधारण हेच. कुठे चुकतंय?

आणि अल्बमची कुठली आवृत्ती घ्यावी?

कॅसेट_खोका

बरं झालं धागा काढलात. आधी माणसं सांगतो, म्हणजे कानाला पकडायला काहीतरी राहील. गिटार आणि गाणं रिक फ्रोबर्ग, दुसरी गिटार जॉन राइस, बास माइक केनेडी, ड्रम्स मार्क ट्रॉम्बिनो. फ्रोबर्ग आणि राइस त्याआधी ‘पिचफोर्क’ नावाच्या बँडमध्ये एकत्र होते. राइसचा ‘रॉकेट फ्रॉम द क्रिप्ट’ तेव्हा जोरात होता. इंटरस्कोपने त्याच्याबरोबर जेहूलाही करारात घेतलं, म्हणून हा असा आडदांड अल्बम एका मोठ्या कंपनीच्या शिक्क्याने बाहेर आला. रेडिओवर लावता येईल असं त्यात फार तर ‘ह्यूमन इंटरेस्ट’. १९९५ मध्ये बँड संपला. दुर्लक्ष का झालं याला याहून मोठं कारण शोधायची गरज नाही. विकायला गाणं नाही आणि विकायला बँडही नाही.

आता ‘लुआउ’. तुम्ही त्यात पुढे काय होतंय याची वाट बघताय, म्हणून दम सुटतो. रिफ बदलत नाही, रिफवरचा दाब बदलतो. एकदा फक्त ड्रम्स धरून ऐका, ट्रॉम्बिनो कुठे झांज उघडतो आणि कुठे मिटतो एवढंच. दुसऱ्यांदा फक्त गळे: फ्रोबर्गच्या ओरडण्याच्या मागे दुसरा आवाज आहे तो रॉब क्रोचा, पुढे ‘पिनबॅक’ काढणारा. तिसऱ्यांदा सगळं मिळून. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे शिकवायला नको, आवर्तन तेच असतं, भरणा वेगळा.

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून २००-३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही, म्हणजे केनेडीचा बास गायब. तो गेला की दोन गिटार कशाशी भांडताहेत ते कळायला मार्ग नाही, आणि मग सगळा गोंगाटच वाटणार. साध्या वायरच्या हेडफोनवरही फरक पडतो.

क्रमही सुचवतो. आधी ‘सुपर युनिसन’ पूर्ण ऐका. सुरुवातीची धावपळ ओसरल्यावर उत्तरार्धात ते गाणं जे पसरतं, तिथे या बँडची खरी ताकद दिसते. मग ‘डू यू कंप्यूट’. ‘साइन्यूज’ सगळ्यात शेवटी, अल्बमवरही ते शेवटचंच आहे.

माळ्यावरचा_अँप

रुमाल टाकून ठेवतो. गिटारवाल्या प्रतिसादांची वाट बघतोय.

जवारी

गिटारचं मी सांगतो. गेन ८ आणि नॉइज गेट, तुमचा चिखल या दोन गोष्टींत आहे.

हे घासणं म्हणजे काय ते आधी हातानेच बघा. जी तारेवर पाचवा पडदा दाबा (सी) आणि शेजारची बी तार मोकळी सोडा. दोन्ही एकदम छेडा. एक २६१.६ हर्ट्झ, दुसरा २४६.९. फरक साधारण १५, म्हणजे आवाज सेकंदाला १५ वेळा फुगतो आणि बसतो. कानाला तो ठोका म्हणून नाही, खरखर म्हणून कळतो. आता चौथ्या पडद्यावर या. दोन्ही बी झाले, खरखर गेली. तिथूनच तार पाव स्वर वर ओढा: फरक सातेक हर्ट्झ, आता आवाज चक्क डोलताना ऐकू येतो. तानपुऱ्याची जोड लावताना खुंटी पिळत जावी तसा डोल हळू होतो आणि सूर जुळला की थांबतो. आपण तो थांबवायला धडपडतो, ही मंडळी मुद्दाम थांबू देत नाहीत.

तो डोल म्हणजे आवाजाची चढउतार. जास्त गेन काय करतो? चढ कापतो, उतार वर उचलतो, सगळं एका पातळीवर आणून ठेवतो. राहिला काय, सपाट घरघराट. वर नॉइज गेट लावला की मोकळ्या तारेचं शेपूट मधेच छाटलं जातं, आणि या वाजवण्यात अर्धी मजा शेपटात असते.

प्रोसेसरवर हाय-गेन मॉडेल सोडा, जुन्या मार्शल धर्तीचं घ्या. गेन ३ ते ४, मिड ६-७, बास ४ च्या वर नको, ट्रेबल ५ पासून सुरू करून कानाने ठरवा. गेट बंद. ब्रिज पिकअप. ओव्हरड्राइव्ह हवाच असेल तर ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. जोर हातातून काढायचा, पेडलमधून नाही. बरोबर जमलं की हळू छेडल्यावर आवाज जवळपास साफ येतो आणि जोरात मारल्यावर फाटतो. दोन्ही वेळा सारखाच फाटत असेल तर गेन अजून खाली आणा.

९ च्या तारांवर एवढ्या जोराने मारलं की सूर क्षणभर वर जातो, मग खाली येतो. दोन गिटार दोन वेगळ्या प्रमाणात वर जातात आणि नको तिथे बेसूर होतं. ११ चा संच लावा. तारा जाड केल्या की मानेवरचा ताण वाढतो, त्यामुळे ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) आणि बाराव्या पडद्यावरचं इंटोनेशन (दाबलेला सूर खरा लागतो की नाही ते) पुन्हा तपासायचं. ट्यूनरवर लावतानाही गाण्यात जेवढ्या जोराने मारणार तेवढ्याच जोराने मारून लावा, हळुवार टिचकीने नाही. दोघांनी एकाच ट्यूनरवर. आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात साध्या तारा दोन-तीन आठवड्यांत गंजून खडबडीत होतात. तशा तारेवर इंटोनेशन कितीही जुळवा, टिकत नाही.

(खोकाभाऊ, ख्यालाची उपमा माझ्याकडून नापास. बढतीत राग उलगडतो, ‘लुआउ’मध्ये काही उलगडत नाही, आवळत जातं.)

अर्धा_सूर

गेन ३ वर आणून जी-बी तारांचं करून बघितलं. खरखर आली! पण दुसरी गिटार सुरू झाली की पुन्हा दोघांचं एकच काहीतरी होतं. दोघांनी सारखंच वाजवायचं नसतं का?

जवारी

नाही, इथेच गंमत आहे. दोघंही सहा तारांचे कॉर्ड मारत असाल तर कितीही सेटिंग बदला, व्यर्थ. एकाने खाली दोन तारांवर रिफ धरायचा, दुसऱ्याने वरच्या दोन-तीन तारांवर मोकळ्या तारेसकट आडवा सूर लावायचा. मग अदलाबदल. अल्बम हेडफोनवर ऐकताना याच नजरेने ऐका: कोण टेकू देतंय आणि कोण टोचतंय. एकाच सुरावर दोघं येतात ते क्षण थोडे असतात, म्हणून तर तिथे गाणं अंगावर येतं.

तालमीत दोन अँप शेजारी शेजारी ठेवू नका. खोलीच्या दोन बाजूंना, आणि कानाच्या उंचीकडे तिरके करून. १५ वॉटचा अँप जमिनीवर ठेवला तर त्याचा बास खोलीभर आणि ट्रेबल फक्त घोट्यांना.

ठेकेदार

सगळे गिटारवर तुटून पडलेत म्हणून ड्रम्सची बाजू. ट्रॉम्बिनो नुसता वाजवणारा नव्हता, रेकॉर्डिंग जाणणारा होता. पुढे ब्लिंक-१८२ चा ‘ड्यूड रँच’ (१९९७), जिमी ईट वर्ल्डचे ‘क्लॅरिटी’ (१९९९) आणि ‘ब्लीड अमेरिकन’ (२००१) त्याच्याच हातचे. त्या गुळगुळीत अल्बमांमागचा माणूस आणि ‘यँक क्राइम’वर पिंप बडवणारा माणूस एकच, हे पचायला जरा वेळ लागतो.

वाजवायला घेतलंत तर पहिली चूक होते ती मात्रा मोजण्याची. चारात बसतंय की सातात हा हिशोब नंतर करा. आधी रिफ तोंडाने म्हणता आला पाहिजे, तबल्याचे बोल म्हणतो तसा, अडखळण्याच्या जागांसकट. मग रिफ किती वेळा फिरतो ते मोजा आणि कागदावर लिहा. ‘आठ वेळा, झांज मिटलेली, आठ वेळा, उघडी, चार वेळा, फक्त टॉम’ असा नकाशा प्रत्येकाच्या समोर हवा. लांब गाणं कोसळतं ते अवघड ठिकाणी नाही, सोप्या ठिकाणी. चौघांपैकी एकाचं मोजणं एका फेऱ्याने चुकतं आणि बाकीचे त्याच्याकडे बघत राहतात.

दुसरी चूक, पहिल्या मिनिटाला शंभर टक्के. नऊ मिनिटांचं गाणं असेल तर सुरुवात निम्म्या जोरावर करा. जोर वाढला की वेगही वाढतोच, म्हणून क्लिक लावा, पण प्रत्येक मात्रेला नको. रिफच्या प्रत्येक फेऱ्याच्या समेवर एकच टिक ठेवा. मधल्या जागेत माणसासारखं वाजतं आणि समेवर पळवाट नसते.

बासवाल्याला एवढंच सांगा: गिटारच्या मागे धावू नकोस. वर दोघं भांडत असताना मूळ स्वर धरून ठेवणारा तोच एक. तालमीचं रेकॉर्डिंग मिक्स करत असाल तर दोन्ही गिटारचा १००-१२० हर्ट्झच्या खालचा भाग कापा आणि त्यांना दोन बाजूंना ७०-८० टक्के सरकवा. गाणं मधोमध, पण वाद्यांच्या वर नाही, जरा आत दाबलेलं. फ्रोबर्गचा आवाज आतून धडका मारतो, तो पुढे आणून ठेवला की धार जाते.

तिसरा_डबा

थोडा विरोधी सूर लावतो. अल्बम भारीच आहे, वाद नाही. पण दुर्लक्षितच म्हणायचं तर १९९१ चा पहिला अल्बम घ्या, बँडच्याच नावाचा. ‘यँक क्राइम’चं नाव जाणकारांच्या यादीत निदान येतं तरी. पहिल्यावर ‘कॅरेस’ आणि ‘इफ इट किल्स यू’ ऐका, पुढच्या सगळ्या युक्त्या तिथे कच्च्या स्वरूपात सापडतील. कच्च्या म्हणजे कमअस्सल नव्हे, कच्च्या कैरीसारख्या.

नावाबद्दल कोणी विचारायच्या आत: जेहू हा बायबलमधला राजा, रथ बेफाम हाकणारा. आणि ‘रोम प्लाउ’ म्हणजे रोमन नांगर नव्हे. अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या रोम गावी बनलेलं प्रचंड पातं, व्हिएतनाम युद्धात चिलखती बुलडोझरला लावून जंगलं साफ करायला वापरलेलं. हे कळल्यावर पहिल्या गाण्याची सुरुवात जरा वेगळी ऐकू येते.

कॅसेट_खोका

तिसरा_डबा, ‘इफ इट किल्स यू’साठी +१. पण नवख्याला मी आधी ‘यँक क्राइम’च देईन. पहिल्या अल्बमवर गाण्यांना अजून श्वास घेता येत नाही.

आवृत्तीचा प्रश्न राहिला. मूळ १९९४ च्या सीडीवर नऊ गाणी. २००२ मध्ये राइसच्याच स्वामी रेकॉर्ड्सने पुन्हा काढली (हो, नाव ‘स्वामी’च आहे) तिच्यावर तीन जास्तीची: १९९२ मध्ये मर्ज कंपनीने काढलेल्या सिंगलवरची ‘बुलेट ट्रेन टू वेगास’ आणि ‘हँड ओव्हर फिस्ट’, शिवाय ‘साइन्यूज’चं आधीचं रूप. मिळाली तर हीच घ्या, पण पहिल्या ऐकण्यात नवव्या गाण्यानंतर थांबा. ‘साइन्यूज’नंतर लगेच ‘बुलेट ट्रेन’ म्हणजे श्रीखंड संपता संपता पानात ठेचा. दोन्ही उत्तम, वेळ चुकीची. विनाइल घेत असाल तर एका बाजूला किती मिनिटं बसवलीत ते आधी विचारा. अल्बम ५० मिनिटांच्या वर आहे. ३३ च्या वेगात एका बाजूला २०-२२ मिनिटांपलीकडे गेलं की आवाजाची पातळी खाली येते आणि आतल्या खाचांवर झांजा फाटतात.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद करा, नाहीतर ‘न्यू इंट्रो’ संपून ‘न्यू मॅथ’ सुरू होतं तो सांधा मधेच वितळतो. शफलही नको. स्पॉटिफाय सलग अल्बमला एकच पातळी लावतं, शफलवर प्रत्येक गाण्याची वेगळी, म्हणजे बँडने ठेवलेला लहानमोठेपणा गेलाच. आवाज वाढवायला ‘लाउड’ पर्याय निवडाल तर वर लिमिटर (आवाजाचे चढ दाबणारा) बसू शकतो. त्यापेक्षा ‘नॉर्मल’ ठेवा आणि हेडफोनचा आवाज वाढवा.

माळ्यावरचा_अँप

वाचनखूण साठवली. एक भर: ३१ ऑगस्ट २०१४ ला सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कात ते १९ वर्षांनी पुन्हा उभे राहिले, तेही स्प्रेकल्स पॅव्हिलियनच्या उघड्यावरच्या पाइप ऑर्गनसोबत. त्याची चित्रणं शोधून बघा. फ्रोबर्ग ३० जून २०२३ ला गेला. चित्रकार म्हणूनही तो तेवढाच वाघ होता, अल्बमची कव्हरं काढायचा. हॉट स्नेक्स हा बँड अजून ऐकला नसेल तर तोच आणि राइस तिथेही होते, फक्त गाणी दोन-तीन मिनिटांची.

अर्धा_सूर

११ च्या तारा आणल्या. ट्रस रॉड किती फिरवायचा?

जवारी

एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तारा जाड झाल्यामुळे मान पुढे वाकली असेल, म्हणून ट्रस रॉडच्या नटाकडे समोरून बघत घड्याळाच्या दिशेने. पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबून सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडद्यामधली फट बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं एवढी पुरे. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. नट घट्ट लागला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.