रुंद टायर म्हणजे उंच टायर नव्हे

एकाने लिहिलंय की मोटारसायकलचा मागचा १४०/७०-१७ टायर काढून रुंद १५०/६०-१७ टाकला, म्हणून स्पीडोमीटर चुकतोय. (या मापात पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, तिसरा रिमचा व्यास इंचांत.) आधी मीटरला वेग कुठून मिळतो ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत केबल किंवा सेन्सर पुढच्या चाकाला असतो. तसं असेल तर मागचा टायर कितीही बदला, मीटरच्या आकड्यात फरक पडणार नाही.

वेग मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून घेतला जात असेल तर मात्र फरक पडतो, आणि तोही रुंद टायरकडून वाटतो त्याच्या उलटा. १४०/७० ची रिमसकट पूर्ण उंची साधारण ६२८ मिमी, १५०/६० ची ६१२. टायर रुंद झाला पण बुटका झाला! तेवढ्याच अंतराला चाक जास्त फिरतं आणि मीटर अडीच टक्के जास्त दाखवतो. ८० ला दोनच किलोमीटर. त्याहून मोठा फरक असेल तर तो कंपनीनेच ठेवलेला असतो, कारण मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम आहे.

मी साताऱ्यात घरासमोर खडूने टायरवर आणि फरशीवर खूण करतो, हवा नीट भरून, गाडीवर बसून चाकाचा एक फेरा पुढे नेतो आणि तेवढं अंतर टेपने मोजतो. छापील मापापेक्षा हे खरं, कारण वजनाने टायर थोडा दबतो.

मग साताऱ्याजवळ नागठाणे ते उंब्रज सरळ हायवेवर जीपीएसशी ताडून पाहा. खंबाटकी घाटात नको, तिथल्या बोगद्यात सिग्नल जातो.