शब्दचर्चा : ‘मर्सी’ला दया म्हणावे की सुटका?

मूळ प्रश्न

सोळा वर्षांच्या भाचीने आग्रहाने हातात ठेवलेली रॉबिन लाफिव्हर्स यांची ‘ग्रेव्ह मर्सी’ (२०१२) ही इंग्रजी कादंबरी वाचून झाली आणि आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी तिच्यावर पानभर अभिप्राय लिहायला बसलो. मत तयार होते, पण शब्दांपाशी अडलो.

कथा आज फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या आणि त्या काळी स्वतंत्र असलेल्या ब्रिटनीची आहे. १४८८ मध्ये तिथला ड्यूक दुसरा फ्रान्सिस लढाई हरला, थोड्याच दिवसांत वारला, आणि अकरा वर्षांची ॲन गादीवर आली. बापाने मदतीच्या आशेने तिचा हात एकाहून अधिक वरांना देऊ केला होता आणि फ्रान्सचा राजा टपून बसला होता. इथपर्यंत सगळा इतिहास आहे. लेखिकेने त्यात मृत्युदेवतेचा एक मठ घातला असून तिथे मुलींना विषे आणि शस्त्रे शिकवली जातात. नायिका इस्मे सतरा वर्षांची आहे आणि आईने गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या विषाचा तांबडा डाग तिच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत उतरला आहे. मठातली प्रकरणे मला कसदार वाटली. ती दरबारात गेल्यावर मात्र प्रेमकथा राजकारणाला बाजूला सारते आणि शंभरएक पाने सैल पडतात. ॲनचे चित्रण मात्र शेवटपर्यंत पक्के आहे. तिच्या तोंडी पोरकटपणाही नाही आणि उसने शहाणपणही नाही.

आता अडचण अशी की ही कादंबरी ‘किशोरांसाठी’ म्हणावी की ‘कुमारांसाठी’? ‘ऐतिहासिक’च्या जोडीला ‘फँटसी’साठी कोणता शब्द घ्यावा? इस्मेला ‘मारेकरी’ म्हटले तर चालेल का? आणि शीर्षकातल्या ‘मर्सी’चे काय करावे?

पहिला प्रतिसाद

वयाचे शब्द आपण फार सैल वापरतो. संस्कृत परंपरेत पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन, अशी एक विभागणी आहे. म्हणजे ज्याला आपण मराठीत ‘पौगंडावस्था’ म्हणतो, ती मिसरूड फुटण्याची अवस्था त्या हिशेबाने केव्हाच मागे पडलेली असते, आणि ‘कुमार’ तर अजून दुधाच्या दातांचा असतो. अर्थात शब्द रुळला की त्याची जुनी जन्मपत्रिका काढून भांडण्यात अर्थ नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचा वाचक शाळकरी आहे, त्यामुळे मराठी कानाला ‘किशोर’ म्हणजे सातवी-आठवीतला मुलगा वाटतो. गर्भपाताच्या विषापासून सुरू होणारी कादंबरी त्याच्या हाती द्यावी असे मला वाटत नाही. मी ‘नवतरुण वाचकांसाठी’ असे लिहीन. इंग्रजी ‘यंग ॲडल्ट’चे ‘तरुण प्रौढ’ असे शब्दाला शब्द लावून कृपया लिहू नये.

‘फँटसी’साठी ‘अद्भुतरम्य’ सहज सुचेल, पण तो शब्द आपल्या वाङ्मयेतिहासात आधीच गुंतलेला आहे. १८६१ च्या ‘मुक्तामाला’पासूनच्या कादंबऱ्यांना आपण अद्भुतरम्य म्हणतो, आणि १८७१ च्या ‘मोचनगड’ने ऐतिहासिक कादंबरीची वाट वेगळी काढली असे शिकवतो. तेव्हा ‘ऐतिहासिक’ आणि ‘अद्भुतरम्य’ शेजारी बसवले की मराठीचा विद्यार्थी गोंधळतो. ‘ऐतिहासिक अद्भुतिका’ बरा वाटतो. त्यात ‘रम्य’ नाही हेही चांगलेच, कारण आपण सांगता त्या मठात रम्य असे फारसे दिसत नाही.

दुसरा प्रतिसाद

‘मारेकरी’ हा भाड्याचा माणूस असतो. आपण ‘मारेकरी घातले’ म्हणतो तेव्हा घालणारा पडद्याआड असतो आणि मारणाऱ्याला स्वतःचे मत नसते. शेतकरी-शेतकरीण, वारकरी-वारकरीण या चालीवर ‘मारेकरीण’ व्याकरणाने बिनचूक आहे, मात्र मोठ्याने वाचून पाहा, हसू येते. ‘विषकन्या’ का नको? ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकातली विषकन्या सर्वांना ठाऊक आहे, शब्द सुंदर आहे आणि एका झटक्यात चित्र उभे करतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. ‘नवतरुण’ आणि ‘अद्भुतिका’ हे दोन्ही शब्द घेतो.

‘विषकन्या’ मलाही पहिल्यांदा सुचला होता, आणि मुद्दाम खोडला. विषकन्येचे अंगच विष असते. नंदांचा अमात्य राक्षस याने चंद्रगुप्तासाठी योजलेली ती मुलगी चाणक्याने चंद्रगुप्ताचा साथीदार पर्वतक याच्याकडे वळवली आणि पर्वतक मेला. इस्मेचे नेमके उलट आहे. तिला विष बाधत नाही, आणि पुढे कळते की दुसऱ्याच्या अंगातले विषही ती उतरवू शकते (कोणाचे ते सांगत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल). तिला विषकन्या म्हटले तर वाचकाला पहिल्या पानावरच चुकीची वाट दाखवल्यासारखे होईल. म्हणून मी ‘मृत्युदेवतेची सेविका’ असे साधेच लिहिणार आहे.

राहिले शीर्षक. ‘ग्रेव्ह’मध्ये ‘गंभीर’ आणि ‘थडगे’ असा श्लेष आहे. तो मराठीत उतरत नाही, सोडून देऊ. ‘मर्सी’ मात्र सोडता येत नाही, कारण कादंबरीचा सगळा भार त्यावर आहे. मध्ययुगीन युरोपात जबर जखमी झालेल्या, वाचण्याची आशा नसलेल्या योद्ध्याला शेवटचा घाव घालण्यासाठी एक अरुंद पात्याची कट्यार असे आणि तिचे नावच ‘मिझेरिकॉर्द’, म्हणजे करुणा. इस्मेकडे अशीच एक कट्यार आहे. गोव्याच्या वाचकांना हा शब्द ओळखीचा वाटेल: लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे गोव्यातही शाखा असलेल्या ‘सांता काझा द मिझेरिकॉर्दिया’ या दानधर्माच्या संस्थेच्या नावात तोच लॅटिन शब्द आहे. एकाच शब्दाने अनाथांना जेवण घालणारी संस्था आणि गळ्याशी टेकणारी कट्यार या दोहोंची नावे ठेवली जावीत, हे मला कादंबरीइतकेच विलक्षण वाटले.

‘दया’ इथे तोकडी पडते. दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. ‘दयामरण’ हा शब्द तर आता थेट न्यायालयात घेऊन जातो. नाँत शहराबाहेरच्या रणभूमीवर इस्मे मरणाऱ्या सैनिकांपाशी एकेक करून जाते आणि त्यांचे तडफडणे थांबवते, तो प्रसंग वाचताना मला आमची आजी आठवली. शेजारच्या काकू आठ महिने अंथरुणाला खिळून गेल्या, तेव्हा आजी पदराने डोळे पुसत एवढेच म्हणाली होती, “सुटली एकदाची.” त्या दोन शब्दांत रडणे होते, आणि हायसे वाटणेही होते. इस्मेला अखेरीस जे उमगते ते हेच, की तिचा देव सूड उगवणारा नसून सोडवणारा आहे.

म्हणून अभिप्रायाच्या मथळ्यात कंसात ‘सुटका’ असे लिहितो आहे. ‘सुटका’ म्हटल्यावर कोणाला तुरुंग आठवला तरी हरकत नाही. ॲनच्या वाट्याला १४९१ मध्ये फ्रान्सच्या राजाशीच लग्न आले, तेव्हा तोही अर्थ या गोष्टीला अगदीच परका नाही.