एमजीबी १८०० : फ्लायव्हील किती कातायचे आणि कुठून?

रविवारची_रोडस्टर
गाडी १९७० ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पाच बेअरिंगचे १७९८ सीसी इंजिन, जुळे एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, मूळचे ८ इंची क्लच, टायर १६५ आर १४. क्लचसाठी इंजिन उतरवलेच आहे, तर लगे हाथ फ्लायव्हील (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाचे जड चाक) लेथवर कातून हलके करावे असा विचार आहे. मुक्काम इंग्लंडमध्ये. वापर म्हणजे रविवारी गावाकडचे रस्ते आणि वर्षातून दोनदा प्रेस्कॉट किंवा शेल्सली वॉल्शची चढाची शर्यत. मशिन शॉपवाला म्हणतो, "चार किलो काढून देतो." देऊ का?

आटे_आणि_पाटे
किती किलो हा प्रश्नच चुकीचा आहे, कुठून काढणार ते विचारा. जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढते, त्यामुळे कडेचा एक किलो आणि बुंध्याजवळचा एक किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक.

आकडेच घ्या. मागच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने ११० ते १३५ मिमी त्रिज्येचा पट्टा ८ मिमी खोल कातला तर साधारण १.१ किलो माल निघतो. तुमच्या गाडीचा पहिला गिअर ३.४४ आणि डिफरन्शियल ३.९०९. रस्त्यावरच्या चाकाची त्रिज्या ३० सेंमी धरली तर पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडी ३४ किलोने हलकी झाल्यासारखी वागेल. दुसऱ्यात १३, टॉपमध्ये जेमतेम ३. तोच १.१ किलो ६० मिमी त्रिज्येवरून काढलात तर पहिल्यातही फायदा आठच किलोंचा, आणि वर क्रँकचे बोल्ट जिथे बसतात तीच जागा कमकुवत.

म्हणजे चढाच्या शर्यतीत सुटताना फरक जाणवेल, मोटरवेवर शून्य. ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही, हे मित्रांना सांगताना लक्षात ठेवा.

लेथवरचा
वरचा हिशोब बरोबर, पण त्या पट्ट्यात एक गोम आहे. क्लच कव्हरचे (प्रेशर प्लेट धरणाऱ्या झाकणाचे) बोल्ट आणि ते नेमके बसवणाऱ्या डाऊल पिना तिथेच असतात. आधी प्रत्येक भोकाची खोली मोजा. ५/१६ इंची बोल्टाला बिडात (ओतीव लोखंडात) किमान १२ मिमी आटे उरलेच पाहिजेत. तेवढा माल नसेल तर ८ चे ५ मिमी करा. रिंग गिअर (स्टार्टर ज्यात अडकतो ती दातेरी कडी) ज्या खांद्यावर गच्च बसतो, त्याच्या खालचा मालही सोडा, नाहीतर रिंग सैल होऊन स्टार्टर मारताना फ्लायव्हीलवरच फिरेल.

धातू ओळखायला मागच्या बाजूला बारीक ड्रिल टेकवा. काळा चुरा पडला तर बीड, गुंडाळी निघाली तर पोलाद. बीड असेल तर हलके करण्यासाठी भोके पाडायची नाहीत, आणि कातलेल्या कोपऱ्याला किमान ३ मिमी रेडियस हवाच. टोकदार टूलने काटकोन सोडला की तडा तिथूनच सुरू होतो. ६००० आरपीएमला १४० मिमी त्रिज्येची कड ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास धावत असते आणि फ्लायव्हील असते तुमच्या पायांपुढे. काम झाल्यावर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून तडे तपासून घ्या. चार किलो बिडातून काढायला मी तरी हो म्हणणार नाही. तेवढे हलके हवे असेल तर पोलादी फ्लायव्हील विकत घ्या.

जॉब चकमध्ये कडेवर धरू नका. क्रँकवर बसणाऱ्या मधल्या भोकावरून सेंटर काढा आणि डायल गेज (डोल मोजणारे घड्याळ) लावा. क्लचची बाजू फक्त साफ होईल इतकीच, ०.२ ते ०.३ मिमी, पण कव्हरच्या बैठकीसकट एकाच सेटिंगमध्ये घ्या. नुसताच घर्षणाचा भाग खाली गेला तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो.

रविवारची_रोडस्टर
बॅलन्सिंगला क्रँकही द्यावा लागेल का? तो उतरवायची इच्छा नाही.

आटे_आणि_पाटे
नाही. सरळ चार सिलिंडरचा क्रँक स्वतःपुरता बॅलन्स असतो, फ्लायव्हील एकटे करता येते. आधी नुसते फ्लायव्हील, मग त्यावर कव्हर चढवून पुन्हा, आणि दोन्हींवर पंचची खूण. पाच ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण १३० मिमी त्रिज्येवर ६००० आरपीएमला तो २६ किलोचा धक्का होतो, आणि तो बसतो मागच्या मेन बेअरिंगला. जुन्या कव्हरवर बॅलन्स करून नवे कव्हर लावणारे खूप आहेत. तसे करू नका, नवा क्लच सोबतच द्या.

हळूहळू_चला
एक विरोधी मत. गाडी ९५ टक्के रस्त्यावरच चालणार असेल तर १ ते १.५ किलोवर थांबा. आयडलिंग ७५० वर स्थिर राहत नाही, ९०० च्या पुढे न्यावे लागते. एसयूचे सिंक्रोनायझेशन (दोन्ही कार्ब्युरेटरचा मेळ) जरा चुकलेले असेल तर जड फ्लायव्हील ते झाकून घेते, हलके लगेच चुगली करते. चढावर गाडी उचलताना रेस जास्त आणि क्लच अर्धवट दाबलेला, हे नेहमीचेच होते. एमजीबीचे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग) ग्रॅफाइटचे आहे, बॉल बेअरिंग नव्हे. सिग्नलला पेडल दाबून उभे राहण्याची सवय असेल तर ते झिजते, आणि बदलायला इंजिन पुन्हा बाहेर. सिग्नलला न्यूट्रल, पाय पेडलवरून खाली.

लेथवरचा
सहमत. चढवताना क्रँकचा फ्लॅंज आणि फ्लायव्हीलची बैठक पुसून घ्या, एक बारीक कण राहिला तरी ते वाकडे बसते. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कने, टॅब वॉशर (बोल्ट सैल होऊ न देणारे) नवे. मग क्लचच्या बाजूला डायल गेज लावून एक फेरा फिरवा. ०.०८ मिमीच्या वर डोलले तर उतरवून परत पुसा.